आठ वाफ्यांचं चित्र

सगळे तिला रंगबाई म्हणत. शाळेत चित्रकला शिकवण्यात तिची तीस वर्षं गेली, पण जीव अडकला तो सरकारी बागेत. मधोमध कारंजं, भोवती आठ वाफे, कातरलेल्या मेंदीच्या चौकटीत शेवंती आणि डेलिया. "रान कुणीही रंगवेल," ती म्हणायची, "पण फुलं पट्टीनं आखल्यासारखी उभी हवीत आणि तरी जिवंत दिसायला हवीत. तिथं घाम फुटतो."

त्या बागेचा मुख्य माळी म्हणजे तिचा थोरला भाऊ.

त्या वर्षी वरच्या कचेरीनंच बागेचं पाणी तोडलं. दादानं तीन अर्ज केले, उत्तर एकाचंही नाही. बादल्या वाहून पाठ मोडली, तरी पाच वाफे करपलेच. नेमकं तेव्हाच कचेरीनं भिंतीवर लावायला बागेचं चित्र मागवलं. रंगबाई वाफ्यांसमोर बसली. दादाचं तोंड एवढंसं झालेलं तिला बघवेना. तिनं आठही वाफे फुलांनी भरून टाकले.

"अशीच होती गं," दादा एवढंच म्हणाला.

चार महिन्यांनी त्याला नोटीस आली. चित्रात बाग फुललेली, आता वाळलेली. म्हणजे मधल्या काळात माळ्यानंच हयगय केली. चित्राखाली तारीख होती, सहीही.

ती धावत कचेरीत गेली.

"साहेब, ते खोटं आहे. मी मनानं रंगवलं. वाफे तेव्हाच मेले होते!"

"इतका बारकावा मनानं?" साहेब हसले. "बाई, भावासाठी बहीण काय वाटेल ते बोलणारच."

"मग पाण्याचे अर्ज बघा ना."

"असले अर्ज आमच्याकडे आलेच नाहीत."

तिचा तोल गेला. पिशवीत भुऱ्या रंगाची ट्यूब होती. भिंतीवरच्या चित्रातला एकेक वाफा ती बोटांनीच माखत सुटली. "असा होता! हासुद्धा असाच!" शिपायानं तिला ओढून काढलं तोवर तिसराच वाफा झाला होता.

दादाची नोकरी गेलीच, वर तिच्यावर सरकारी मालमत्तेच्या नासधुशीची तक्रार. आठवड्याभरात कचेरीनं दुसरा चित्रकार बोलावून ते वाफे पुन्हा फुलवून घेतले.

दादा अंथरुणाला खिळला. ती उशाशी बसून राहायची.

"दादा, मला दोन शिव्या तरी दे रे."

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.