अळ्यांचं बारसं

वैभवी खडतकरला कोणी नावाजलेलं फार आवडायचं, आणि जबलपुरात तिला नावाजणारं कोणी नव्हतं. माहेर जवळच्याच सिहोऱ्याचं, नवरा ओमतीच्या बाजारात दुसऱ्याच्या दुकानात, आणि ही एका खासगी बालवाडीत 'दीदी'. वर्षानुवर्षं टेम्पररी.

यंदा संचालिका पद्मजा मॅडमनी वर्गात फुलपाखरं वाढवायचं काढलं. निसर्गशिक्षण! कढीपत्त्यावरच्या अळ्या डब्यात ठेवायच्या, मुलांनी पानं घालायची, कोशातून फुलपाखरू निघालं की पालकांसमोर सोडायचं.

"एवढा कार्यक्रम नीट पार पाड, वैभवी. मग तुला पर्मनंट करते," मॅडम म्हणाल्या.

झालं. वैभवीच्या अंगात वारं शिरलं. तिने अळ्यांचं चक्क बारसं केलं. बाहुलीचा पाळणा आणला, घुगऱ्या वाटल्या, एकेका मुलाला एकेक अळी नेमून दिली आणि ज्याची अळी त्याचंच नाव तिला ठेवलं. डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या: अभिराम, पियूष, प्रणाली, आर्या. आया हरखल्या. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. आपल्या पोराचं नाव किड्याला दिलंय, हे तेव्हा एकीलाही खुपलं नाही.

अळ्या महाखादाड. शाळेतलं कढीपत्त्याचं झाड ओकंबोकं झालं, तेव्हा वैभवीने बाजारातून जुड्या आणल्या. हिरव्यागार, एक पान कुरतडलेलं नाही. का नाही, एवढा विचार तिने केला असता तर! औषध मारलेली पानं होती ती. सकाळी पाहते तर अळ्या काळ्या, लिबलिबीत होऊन तळाशी पडलेल्या. आर्याची तेवढी वाचली, कारण ती आधीच खाणं सोडून झाकणाला कोश करून बसली होती.

डबे लपवेपर्यंत मुलं आत आलीच. अभिरामने डब्याला नाक लावलं.

"दीदी, अभिराम काहून नाही हलून राहिला?"

वैभवीला रडू फुटलं. आर्या मात्र टाळ्या पिटत नाचायला लागली. "सगळे मेले! मी जीतली! मी जीतली!"

दुपारपर्यंत ग्रुप पेटला. मेलेल्या अळीवर माझ्या मुलाचं नाव! एकीने लेकरावरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, दुसरी ग्वारीघाटावर नर्मदेला नारळ वाहून आली. मॅडमनी वैभवीला सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागायला लावली. बँकेत, कॉलेजात नोकऱ्या करणाऱ्या शिकल्या-सवरल्या बाया त्या. एकीलाही तिची कीव आली नाही. मेल्या होत्या त्या अळ्या, पोरं नव्हे, हे कोणी म्हणेना.

"आता एकच उरलंय," मॅडमनी बजावलं. "ते सगळ्यांदेखत उडालं तर तू राहशील."

कोशातून फुलपाखरू निघालं आणि आर्याची आई अडून बसली. अश्लेषा नाव तिचं, नुकतीच नाशिकहून बदलून आलेली.

"ते सोडायचं नाही. बाहेर पक्षी खातील. नाव माझ्या मुलीचं आहे."

"डब्यात पंख मोडून घेईल ना ते, ताई," वैभवी काकुळतीला आली. "एकदा उडालं का मग कोण पाहून राहिलं, कुठं गेलं ते? तुमची आर्या उडाली, एवढंच सगळ्यांच्या ध्यानात राहील."

अश्लेषा कशीबशी तयार झाली.

कार्यक्रमाला त्याच आया नटूनथटून आल्या. आर्याच्या फ्रॉकला पाठीमागे कागदी पंख लावले होते. वैभवीने झाकण काढलं. फुलपाखरू काठावर जरा थरथरलं आणि उठलं.

"आर्या उड गई!" मुलं ओरडली. टाळ्या पडल्या. नोकरी वाचली, या आनंदात वैभवी चारचौघांत हसली.

फुलपाखरू कुंपणापर्यंत पोचलं. विजेच्या तारेवर एक कोतवाल पक्षी बसला होता. तो खाली झेपावला, हवेतल्या हवेत ते टिपलं आणि परत तारेवर जाऊन बसला. एक पंख तेवढा गिरक्या घेत खाली आला.

अश्लेषाने किंकाळी फोडून लेकीला पोटाशी धरलं. मॅडम वैभवीच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

एकटा अभिराम उड्या मारत होता.

"आर्या हारली! आर्या हारली!"

त्याची आई त्याला दटावायला खाली वाकली. तिच्या ओठांवरचं हसू वैभवीने पाहिलं.