कंपाउंडरने पायी मागे घेतलेला व्हिडिओ

आमच्या खोलीला लागूनच दवाखाना होता. मधली भिंत कसली, पत्राच तो. एका दुपारी पलीकडे डॉक्टर आणि त्यांचा कंपाउंडर यांची जुंपलेली.

"दे रे ती बाटली, माणूस कधीचा ताटकळलाय."

"बाटलीवरची चिठ्ठी फाटलीय साहेब. औषध कधीचं, कळत नाही. नाही देणार."

"डॉक्टर मी की तू?"

"तुम्हीच. पण देणारा हात माझा."

असा हा माणूस. पुढे डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला, तरी गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या दुकानातून आणून घरपोच करायचा. मग लेकीने मोबाइल घेऊन दिला आणि इतका चिकित्सक बाबा त्यात फसला.

व्हिडिओ आला. पांढरा कोट, गळ्यात नळी. 'साखरेच्या गोळ्या फेका, या पानांचा रस प्या.' खाली मोठ्या इस्पितळाचं नाव. याने तो सव्वीस जणांना धाडला. माझ्या जावेलाही. तिला गोळ्या सोडायला निमित्तच हवं होतं.

आठव्या दिवशी जाऊ चक्कर येऊन पडली. सरकारी दवाखान्यात नेली, साखर भलतीच वाढलेली. कंपाउंडर धावत आला, तिथेच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत बसला.

"वहिनी, हा स्वतःचं नावच सांगत नाही हो!"

त्याने व्हिडिओतल्या इस्पितळाला फोन लावला. पलीकडची बाई वैतागून म्हणाली, असा डॉक्टर आमच्याकडे नाहीच, महिनाभर हेच सांगतेय.

फोन ठेवून तो लगेच उठला.

"अरे, बाकीच्यांना फोन कर," मी म्हटलं.

"फोनवरचं खरं वाटलं म्हणून तर हे झालं. समोर जाऊनच सांगतो."

दोन दिवस पायाला भिंगरी. धड जेवण नाही, झोप नाही. दारात उभा राहून एकच बोलायचा, "मी खोटं पाठवलं. गोळ्या बंद केल्यात का? आजच डॉक्टरांना दाखवा." कोणी टोमणा मारला, "काय हो, आता म्हातारपणी डॉक्टर झालात?" तो पुढच्या दाराला.

जाऊ घरी आली ती फुगूनच. "फेका म्हणणारेही तुम्हीच, घ्या म्हणणारेही तुम्हीच!"

"माझं ऐकूच नका, धाकट्या वहिनी. ज्यांनी तपासलं त्या डॉक्टरांचं ऐका."

ती ऐकू लागली, पण त्याचा जीव काही थाऱ्यावर आला नाही. दर आठवड्याला गोळ्यांचं नवं पाकीट द्यायचा आणि जुन्यातल्या उरलेल्या मोजून बघायचा.

तो वारला त्या दिवशी सकाळीही आला होता. पाकीट दिलं, जावेने गोळी गिळेपर्यंत दारात थांबला, "येतो," म्हणाला आणि जिना उतरला.