टेबलावरची भिंगरी

स्केटिंगच्या मैदानामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं टेबल होतं. त्या टेबलाशी बसून तो सगळ्या जगाला मूर्खात काढत असे. मुलं त्याला भिंगरी म्हणायची. चेष्टेनं म्हणायची, पण त्याला ती पदवी वाटे.

धंदा एवढाच, की स्केटबोर्डची चाकं काढायची, त्यांतली बेअरिंगं धुऊन पुन्हा बसवायची. तोरा मात्र विचारू नका. कुणी स्वयंपाकाचं तेल घालून चाकं आणली, की तो ती चिमटीत धरून चार लोकांना दाखवायचा आणि आणणाऱ्याची अब्रू काढायचा.

स्वतः काय करायचा ते ऐका. बेअरिंगचं झाकण टाचणीनं उचकटायचं, बरणीत थिनर घालून छर्रे खळखळून धुवायचे, फडक्यावर वाळवायचे. इथवर झकास. यानंतर प्रत्येकात तेलाचा थेंब सोडायचा असतो, तो या महाशयांनी केव्हाच सोडून दिला होता. कारण काय, तर कोरडं चाक बोटानं टिचकावलं की हातात फिरतच राहतं आणि बघणारे तोंडात बोट घालतात. तेल घातलं की लवकर थांबतं, मग वाहवा कोण करणार? थोड्याच दिवसांत गिऱ्हाईक करकरणारी चाकं घेऊन परत आलं, की धुळीत बोर्ड चालवतोस म्हणून वर त्यालाच झापायचं.

त्याच्या मुलीला हे सगळं ठाऊक होतं. उताराच्या शर्यतीतून संघाची निवड व्हायची होती आणि तिनं वर्षभर त्याचाच ध्यास घेतला होता. आपली बेअरिंगं तिनं स्वतः धुतली, तेल घातलं आणि चाकांना हात लावायचा नाही असं बापाला बजावलं.

आदल्या दिवशी ती सरावाचे बूट आणायला गेली आणि याचा हात शिवशिवला. चाक टिचकावलं, तर लगेच थांबलं. भिंगरीच्या मुलीचं चाक असं? बायको म्हणाली, पोरीनं नको म्हटलंय ना. तुला यातलं काय कळतं, म्हणत त्यानं बरणी काढली. आठही बेअरिंगं कोरडी ठणठणीत करून बसवली आणि स्वतःवरच खूश झाला.

शर्यतीत ती आधी पुढेच होती. दुसऱ्या वळणावर चाकं किंचाळायला लागली, तिसऱ्यावर एक अडकलं आणि ती डांबरावर घसरत गेली. हा खाली उभा राहून शेजाऱ्यांना आपल्या हातगुणाच्या बढाया सांगत होता. वरून ती बोर्ड काखेत मारून चालत आली. कोपर सोललं होतं. संघात दुसरीच मुलगी गेली.

ती रडली नाही की भांडली नाही. शेडमध्ये त्याच्याच खुर्चीत बसून तिनं अडकलेलं बेअरिंग फेकलं, नवं बसवलं, बाकीची धुतली, वाळवली आणि प्रत्येकात तेलाचा थेंब सोडला. तो कडेला उभा होता. माफी मागायची ती वेळ होती. पण त्याला राहवेना, त्यानं चाक टिचकावलंच.

"बघ, थांबलं," तो म्हणाला.

"मी वर उभी राहिले की फिरतं," ती म्हणाली. "बाबा, तुमच्या चाकावर तुम्ही कधी उभे राहिलायत?"

बोर्ड घेऊन ती निघून गेली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. भिंगरीनं सवयीनं त्याच्यासमोर एक कोरडं चाक फिरवून दाखवलं. गिऱ्हाईक वा म्हणालं. भिंगरी दाराकडे बघत होता, आणि चाक फिरतच होतं.