सव्वादोनच्या बांगड्या

वहिनीची तपासणी मी पुढे ढकलली होती.

चार वर्षं झाली. घरी सगळ्यांना वाटतं, दवाखान्यानेच मंगळवार दिला. दादालाही तसंच वाटतं. तोंडाने सांगायचा धीर होत नाही, म्हणून आज इथे लिहितेय.

शनिवारी तिचं डोहाळजेवण होतं आणि त्याच सकाळी तपासणी. हॉल ठरलेला, फोटोग्राफर ठरलेला. सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात फोन मी केला. रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, मग शुक्रवारी येऊन जा, सातवा महिना आहे, बीपी बघायला हवं.

शुक्रवारी मेंदी होती. मी मंगळवार घेतला.

अनघावहिनी एका वाक्यात समोरच्याला गप्प करायची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली होती, "नणंद ना तू? मग थोडा तरी त्रास दे. लोक काय म्हणतील."

शुक्रवारी कासारीणकाकू बांगड्या भरायला घरी आल्या. वहिनीचं माप सव्वादोन. मनगट इतकं बारीक की आई सारखी तिच्यामागे खा खा करायची.

त्या दिवशी सव्वादोन जाईना. अडीचही अडकली.

काकूंनी तिचा हात दाबून पाहिला. बोटाचा खळगा तसाच राहिला. म्हणाल्या, "हात फार सुजलेत हो. डॉक्टरांना दाखवलंत का?"

मंगळवारी दाखवणारच आहोत की, मी म्हटलं. आणि साबण घेऊन आले.

"दुखतंय गं शिल्पा."

"सोस थोडं. फोटोत हिरवा चुडा नको का?"

शनिवारी सगळ्या म्हणाल्या, काय तेज आलंय चेहऱ्यावर. फोटो टाकून खाली मीच लिहिलं, ग्लो बघा आमच्या वहिनीचा.

सूज होती ती.

जेवणं झाल्यावर ती डोकं धरून बसली. आईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मग वहिनी मला हळूच म्हणाली, डोळ्यांपुढे काहीतरी चमकतंय.

मी म्हटलं, अगं, फ्लॅश आहे तो.

फोटोग्राफर तासाभरापूर्वीच निघून गेला होता.

रविवारी दुपारी स्वयंपाकघरात तिला झटका आला. डोळे वर, दातखिळी, सगळं अंग ताठ. हॉस्पिटलमध्ये बीपीचा आकडा ऐकून दादा भिंतीला टेकला.

सलाईनला शीर सापडेना. बांगड्या उतरेनात. नर्सने एकेक करून फोडल्या. "कुणी चढवल्या या? एवढी सूज दिसली नाही?"

मी समोरच उभी होते. खाली वाकून काचा वेचू लागले.

डॉक्टर म्हणाले, गरोदरपणात असं बीपी वाढतं, बऱ्याच दिवसांपासून वाढत असणार. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, हातातोंडावर सूज, सगळं त्याचंच. प्री-एक्लॅम्पसिया हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

दंडाला पट्टा बांधला की दोन मिनिटांत कळतं. दोनच मिनिटं लागतात हो. मी दोन दिवसांत मेंदी, हॉल, फोटो सगळं बसवलं, तेवढी दोन मिनिटं मला बसवता आली नाहीत.

सिझर करून बाळाला वाचवलं, आमच्या चिऊला. वहिनी शुद्धीवर आलीच नाही. सोमवारी संध्याकाळी गेली.

काल चिऊ चार वर्षांची झाली. मनगट आईसारखंच आहे. केक कापताना दादाने तिचा हात धरला आणि मी उठून गॅलरीत गेले.

एक सांगायचं राहिलं.

मंगळवारी सकाळी वहिनीला न्यायची तयारी चालली होती. माझा फोन वाजला. दवाखान्यातल्या त्याच बाई.

"साडेदहाची वेळ होती तुमची. येताय ना?"

मी म्हटलं, नाही जमणार.

"अहो, बीपी बघायचं राहिलंय त्यांचं. पुढची तारीख कधीची देऊ?"

वहिनी, माफ कर म्हणायला तोंड नाही मला.

नुसते हात जोडते.