सत्त्याहत्तर गाड्या आणि एक कपाट

थेंबमास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. बघितलं ते माझ्या गाडीकडे, आणि तेही राजवैद्याला गाढवाची नाडी बघायला बोलवावं अशा चेहऱ्याने. मी फाटकाच्या खांबाला गाडी घासून आणली होती. मास्तरांनी तिच्याभोवती अकरा फेऱ्या मारल्या, दाराला नाक लावलं, मग डोळे मिटून उभे राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेजारच्या पंक्चरवाल्याच्या दोन ट्यूब जोडून झाल्या. समोरच्या घरातलं एक बाळ रांगत बाहेर आलं होतं, ते परत जाताना चालत गेलं. शेवटी मास्तरांनी डोळे उघडले.

"हा रंग कुणी निवडला?"

"बायकोनं," मी धडधडीत खोटं बोललो.

"त्यांना सांगा, करड्यात एक थेंब हिरवा पडलाय."

घरी येऊन मी हे शास्त्रीय सत्य मोठ्या थाटात सांगितलं. बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "हिरवट आहे ते मी दुकानातच म्हटलं होतं. तुम्ही ऐकाल तर ना!"

अपघात झालेल्या गाडीचा पत्रा ठोकून सरळ करणारे गावात पुष्कळ आहेत. मास्तर फक्त रंग जुळवायचे. इतर दुकानांत त्यासाठी यंत्रं आली होती. मास्तरांचं यंत्र म्हणजे त्यांच्या पापण्या. मूळ रंगाकडे टक लावून बघायचं, डोळे मिटायचे, आणि आत जे उरेल ते डब्यात कालवायचं. कालवताना मान एका बाजूला कललेली, ओठ किंचित उघडे. त्या वेळी त्यांना हाक मारली तर दोन गल्ल्या पलीकडून आल्यासारखी "ओ" यायची. "एक थेंब काळा... एक थेंब पिवळा..." असं पुटपुटत असत, म्हणून ते थेंबमास्तर. खरं नाव वीजबिलावर असेल.

या माणसाला एक खोड होती. उरलेला रंग ते कधी फेकत नसत. दुकानामागेच त्यांच्या दोन खोल्या होत्या, आणि डब्यात काही उरलं की ते घरातल्या कशाला तरी फासलं जायचं. त्यामुळे घराची खिडकी कुण्या वकिलाच्या गाडीच्या निळ्या रंगाची, स्टूल रुग्णवाहिकेच्या पांढऱ्याचं आणि मोरीचं दार एका घटस्फोटात वाटणी झालेल्या सोनेरी गाडीचं. दुपारी त्या घरात बसलं की अख्ख्या गावाची वर्दळ भिंतींना चिकटून झोपली आहे असं वाटे.

फक्त एक लोखंडी कपाट मात्र रंगाआधी देतात त्या प्रायमरच्या राखाडीत उभं होतं. एकोणीस वर्षं. ते वहिनींचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं. लग्नात त्यांनीच बजावलं होतं, "माझ्या कपाटाला उरलंसुरलं लावायचं नाही. मला आवडेल तो रंग मी सांगेन." मास्तर दर दोन-चार महिन्यांनी बोटावर नवा रंग घेऊन आत जात. वहिनी मान हलवत. मास्तर बोट पुसून परत येत.

अशात एक दिवस पंपवाले आले. विहिरीतून पाणी उपसणारे पंप विकून या गृहस्थांनी इतका पैसा उपसला होता, की तो कुठे सोडावा हा प्रश्न होता. तो त्यांनी एका गाडीत सोडला. जगात अशा फक्त सत्त्याहत्तर गाड्या, प्रत्येकीवर आकडा कोरलेला, यांची एकेचाळिसावी. गाडी इतकी बुटकी की पंपवाल्यांना बाहेर काढायला दोन माणसं लागत. अशाच एका प्रसूतीत त्यांच्या पट्ट्याचं बक्कल दाराला घासलं आणि वीतभर ओरखडा उठला.

"कंपनी म्हणते, दार जहाजानं पाठवा. अकरा महिने," पंपवाले रडकुंडीला आले होते. "आणि तीन आठवड्यांनी आम्हा सत्त्याहत्तर मालकांचा मेळावा आहे हो!"

मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते गाडीकडे बघत होते.

रंग लाल होता असं म्हणणं म्हणजे समुद्र ओला असतो असं म्हणणं. सकाळी तो विटेसारखा दिसे, दुपारी फोडलेल्या डाळिंबासारखा, आणि ऊन कललं की त्यात कुठून तरी खोल जांभळं येई. मास्तर तीन दिवस त्या दारासमोर स्टुलावर बसून होते. तिसऱ्या दिवशी मी तिथेच होतो. त्यांनी डोळे मिटले, तोंड उन्हाकडे केलं आणि हळूच म्हणाले, "भाऊ, तुम्हीही मिटा. काय दिसतं?"

मी मिटले. पापण्यांच्या आत तोच रंग होता. उबदार, किंचित हलणारा, काठ नसलेला.

"आता तुम्ही सांगा मास्तर," मी न राहवून विचारलं, "या गाडीची एवढी किंमत वाजवी आहे का हो? माझ्यासारख्याच्या सात पिढ्या बसने फिरतील एवढ्यात."

मास्तरांनी गाडीचं दार उघडलं. मग त्याच्या खालच्या कडेवरून माझं बोट फिरवलं. काचेसारखी गुळगुळीत. "इथे कोण बघणार आहे? तरी कुणीतरी घासलंय. त्याला महिन्याला पगार मिळाला असेल, तेवढा वाजवी आहे. बाकीचं पंपवाल्यांना विचारा."

ओरखडा गेला. इतका गेला की न्यायला आलेले पंपवाले चष्मा लावून, काढून, शेवटी गुडघ्यांवर बसून शोधत राहिले आणि सापडेना तेव्हा त्यांनी मास्तरांना मिठी मारली. इथे मास्तरांनी एक चूक केली. आनंदाच्या भरात म्हणाले, "साहेब, चहा घेऊन जा. आत या, गंमत दाखवतो."

त्यांच्या मागोमाग मीही आत गेलो. आत कपाट होतं. उरलेल्या रंगाचं बोट या वेळी वहिनींनी धरून ठेवलं होतं आणि "हा," एवढंच म्हणाल्या होत्या. मास्तरांनी त्यासाठी आणखी अर्धा डबा कालवून कपाट रंगवलं होतं.

पंपवाले दारातच थिजले. "हे काय आहे?"

"कपाट," वहिनी म्हणाल्या. "बसा ना."

"अहो, हा रंग जगात फक्त सत्त्याहत्तर ठिकाणी आहे!"

"आता अठ्ठ्याहत्तर," मास्तर कौतुकाने म्हणाले.

पंपवाल्यांचा चेहराही गाडीच्या दुपारच्या छटेवर गेला. "मास्तर, हे कुणाला कळलं तर माझ्या गाडीची काय किंमत राहील? दुसरा रंग मारा याला. मी आरशाचं नवीन कपाट पाठवतो. हवं तर दोन!"

गिऱ्हाइकाचा शब्द मास्तरांनी आयुष्यात मोडला नव्हता. त्यांचा चेहरा उतरला, पण हात आपोआप रंग खरवडायच्या पॉलिश पेपरकडे गेला. मला ते बघवेना.

"अहो, ठेवा तो कागद खाली," वहिनी म्हणाल्या. मग पंपवाल्यांकडे वळल्या. "दादा, एक विचारू? माझ्या कपाटामुळे तुमच्या गाडीचा रंग कमी झाला का?"

"रंग नाही हो, किंमत!"

"म्हणजे तुम्ही पैसे मोजलेत ते दुसऱ्याकडे नसण्याचे?"

"तसंच असतं वहिनी. नाहीतर एवढे कोण मोजेल?"

"मग ते नसण्याचे पैसे आम्हाला द्यायला हवेत. एकोणीस वर्षं मी राखाडी कपाट उघडतेय, माझ्याकडे नव्हताच की रंग! कंपनीला कशाला दिलेत?"

मला हसू फुटलं. ते मी खोकल्यात घालवलं. 

"आणि रोज बघता का हो त्या गाडीकडे?" वहिनींनी चहा पुढे केला.

"कशी बघणार?" पंपवाले खुर्चीवर टेकले. "बंद खोलीत असते. झाकून. उन्हानं रंग उडतो म्हणतात."

चार वाजले होते. खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि कपाटावर सरकू लागलं. आधी वीट, मग डाळिंब, मग ते खोल जांभळं. भिंती, बशा, वहिनींचे हात, पंपवाल्यांचं टक्कल, सगळ्यांवर त्याची झाक पसरली. आपण चौघं कुणाच्या तरी मिटल्या पापणीआड बसलो आहोत असं वाटत होतं, आणि ती उघडेपर्यंत कुणालाही घाई नव्हती. दुकानातला रंग फवारायचा कॉम्प्रेसर बंद होता. पंपवाल्यांच्या चहावर साय धरली.

ऊन गेल्यावर ते उठले. "राहू दे," म्हणाले. "पण बाहेर बोलू नका."

पुढे ते दर गुरुवारी चारला येऊ लागले. गाडी घरी झाकलेली, आणि हे साधी रिक्षा करून यायचे. वहिनी कुरकुरत, "गुरुवारी मला कपडे काढता येत नाहीत हो, माणूस बसलेला असतो समोर," पण खुर्ची त्याच आधी मांडून ठेवत. मास्तर बाजूला बसून डोळे मिटत. दोघं बोलत काहीच नसत. एकदा फक्त पंपवाले म्हणाले, "त्या मेळाव्यात सत्त्याहत्तर गाड्या होत्या. सगळे एकमेकांचे आकडे बघत होते." मास्तर म्हणाले, "हं."

दोन वर्षं असं चाललं. मग पंपवाल्यांना गाडीची दीडपट किंमत आली, त्यांनी ती विकली आणि त्यानंतर गुरुवारी ते आले नाहीत. कपाट वहिनींकडेच आहे. गाडीच्या नव्या मालकाने तिला काळा रंग मारून घेतला. ते काम दुसऱ्या गॅरेजला मिळालं.