दारातले बूट

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी.साठी घर सोडून हॉस्टेलात राहिले, तेव्हा रडले नाही. निदान कुणाला दिसेल असं तरी नाही. त्यामुळे आठ वर्षांच्या लेकाला कॅथीड्रलच्या शाळेत पाठवताना वाटलं होतं, हे आपल्याला जमेल.

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या त्याच्या म्युझिक टीचरने आवाज ऐकून त्याला ऑडिशनला पाठवलं आणि पोरगा निवडला गेला. त्या कॅथीड्रलमध्ये संध्याकाळची प्रार्थना मुलंच गायची, आणि ती तिथेच राहून शिकायची. आमच्या घरापासून दिवसभराचा ड्राइव्ह. पहिला महिना ट्रायलचा. कॉयरच्या, म्हणजे त्या गाणाऱ्या मुलांच्या, सरांनी बजावलं होतं, महिनाभर भेटायचं नाही, फोन नाही. आईबाप दिसले की नवी मुलं कोसळतात, आणि कोसळलेल्या मुलाला परत पाठवावं लागतं. टिकला तर लाल झग्यावर पांढरा झगा मिळेल, तोवर नुसता लाल.

इथल्या मराठी मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, एवढंसं पोर चर्चच्या हॉस्टेलात? उद्या गळ्यात क्रॉस घालून आला म्हणजे?"

"गळ्यात काय घालेल ते तेव्हा बघू," मी म्हटलं. "गळा तरी वाया जाणार नाही."

हे मी मोठ्या तोऱ्यात बोलले. घरी मात्र तो तोरा टिकत नव्हता. घरात पाहुणे आले की दारातल्या बुटांच्या जोड्या लावायचं काम त्याचं. टोकं बाहेरच्या बाजूला, म्हणजे निघताना पाय सरकवला की झालं. तो गेल्यापासून आमचेच बूट दारात कसेही पडलेले असायचे.

तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याचा धीर सुटला. "प्रार्थना सगळ्यांना खुली असते ना? मागे बसून बघू. चेहरा पडलेला दिसला, तर मी त्याला हाताला धरून घेऊन येणार. तू मध्ये पडू नकोस."

"अहो, आणि त्याने आपल्याला बघितलं तर?"

"खांबाआड बसू."

पोचलो तेव्हा कॅथीड्रलच्या पोर्चमध्ये अंधारून आलं होतं. आत गेलो, शेवटच्या बाकावर खांबाआड बसलो. पायाला फरशी गार लागली, तेव्हा लक्षात आलं. आम्ही दोघांनीही बूट पोर्चमध्ये काढले होते. देवाच्या दारात पाय आपोआप मोकळे झाले होते. आजूबाजूला सगळे बूट घालून बसलेले. माझे पांढरे स्नीकर्स कुणाचेही वाटले असते. पण नवऱ्याच्या तपकिरी बुटांपैकी एकाला काळी लेस होती. जुनी तुटली म्हणून लेकानेच जायच्या दिवशी घालून दिलेली.

"घेऊन येते," म्हणून मी उठले, तर ऑर्गन सुरू झाला. मुलांची रांग पोर्चमध्ये जमली होती. मी खाली बसले.

सगळ्यात पुढे नवी मुलं. बाकीच्यांच्या नजरा पुस्तकात, आमच्याची नव्हती. तो एकेक बाक शोधत येत होता. तोंड मिटलेलं. मध्येच तो थांबला, तसा मागचा मुलगा त्याच्यावर आदळला. पुढे उभ्या असलेल्या सरांनी मान वळवून पाहिलं.

नवरा अर्धा उठला. मी त्याची बाही घट्ट धरली.

"सोड," तो कुजबुजला. "रडतोय तो."

"रडत नाहीये. बसा."

खरं तर मलाही नीट दिसत नव्हतं. खांबाच्या कडेतून लाल झग्याची एक पट्टी आणि त्याचा कान, एवढंच. मग तो कान हलला, पट्टी पुढे सरकली. सगळे गात होते, त्यात त्याचा आवाज मला वेगळा काढता येईना. आई असून येईना. संपूर्ण प्रार्थनाभर मी ती बाही सोडली नाही, आणि नवऱ्यानेही ओढली नाही.

शेवटी रांग आली तशी परत गेली. या वेळी त्याची नजर पुस्तकात होती आणि तोंड उघडं होतं. आमच्या बाकाशी आला तेव्हा मला तो आवाज सापडला. बारीक, सरळ, न थरथरणारा. त्याने मान वळवली नाही.

गर्दी ओसरेपर्यंत आम्ही बसून राहिलो. पोर्चमध्ये आलो तेव्हा मुलं निघून गेली होती. भिरकावून टाकल्यासारखे सोडलेले आमचे बूट भिंतीशी लागून नीट उभे होते. जोडीला जोडी, टोकं रस्त्याकडे.

नवरा बुटांपाशी वाकला.

"पाहुण्यांचे लावतो तसे लावलेत गं," तो म्हणाला.

मी पाय सरकवले. त्याला मात्र काळी लेस बांधायला खूप वेळ लागला. मी गाडीची किल्ली त्याच्या खिशातून काढून घेतली आणि म्हटलं, "चला. मी ड्राइव्ह करते."