पाच तारखेचा हार आणि दोरीच्या गाठी

मागच्या शुक्रवारी सकाळी आमच्या मखमलाबादच्या घरासमोर शांता येऊन उभी राहिली. हातात रिकामी पाटी. मला म्हणाली, "काशे, हार दे. दहाला भटजी येतील."

हार केलेलाच नव्हता...

शांता म्हणजे फूलबाजारात चाळीस वर्षं माझ्या शेजारी बसणारी बाई. तिच्या मालकांचं पहिलं वर्षश्राद्ध होतं. भाऊजींच्या फोटोला पांढऱ्या शेवंतीचा हार मी घालणार, हे मीच तिला सांगितलेलं, तिनं मागितला नव्हता.

तोडलेली सगळी शेवंती पहाटेच्या टेम्पोत गेली होती. झाडावर उरल्या होत्या त्या कळ्या. मी म्हटलं, "झेंडूचा देते पटकन करून." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे." आणि रिकामी पाटी घेऊन गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

आता चूक कुणाची ते सांगते. मी सांगतेय आणि माझी नात प्राजू टाईप करतेय. या जागेवर आल्यावर तिची बोटं जरा हळू चालायला लागलीत...

मला अक्षर येत नाही. ऑर्डरी मी दोरीवर ठेवायची. हार गुंफायच्या दोऱ्याला, जितके दिवस बाकी तितक्या गाठी. दोरी खिळ्याला टांगायची, रोज सकाळी एक गाठ सोडायची. गाठी संपल्या की हार करायचा. चाळीस वर्षांत एक हार चुकला नाही.

दिवाळीनंतर प्राजूनं ॲप केलं. ती सातपूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. म्हणाली, "आजी, आता गाठी बंद. तू तोंडानं ऑर्डर सांगितलीस की त्या दिवशी पहाटे फोनच बोलून सांगेल." मलाही हौस. खिळ्यावरच्या दोऱ्या सोडून मी चक्क त्यांचे गजरे करून टाकले.

शांता गेल्यावर प्राजूनं लॅपटॉप उघडला. "हे बघ आजी, माझ्याकडे पाच डिसेंबरच दिसतंय. इथं बरोबर चालतंय." मी म्हटलं, "मग हा लॅपटॉपच भाऊजींच्या फोटोला घाल."

तर भानगड अशी की ॲप लॅपटॉपवर फक्त तयार होतं. खरं चालतं ते सर्व्हरवर, म्हणजे दूर कुठंतरी ठेवलेल्या मशीनवर. ते तिथं चढवल्यावर कधी बरोबर सांगायचं, कधी गप्प बसायचं... प्राजूनं त्या दिवशी रजा टाकली. दुपारपर्यंत टेस्ट करत होती. पंचवीस तारीख टाकली, बरोबर. तीस टाकली, बरोबर. जेवलीसुद्धा नाही पोरगी.

मी बाजूला बसून झेंडू निवडत होते आणि मनात एकेक गिऱ्हाईक आठवत होते. अठराचा सत्यनारायण, हार पोचला. चोवीसचं लग्न, पोचले. सातची वास्तुशांत, चुकली. ऑर्डर दिलीच नव्हती, असं म्हणून उलट त्या माणसालाच मी झापलं होतं. मग नऊचं बारसं, तेही चुकलं. आणि आता शांताची पाच...

मी म्हटलं, "प्राजे, तू सगळ्या महिनाअखेरच्या तारखा टाकतेस. चुकतात त्या सुरुवातीच्या. बारा-तेराच्या पुढची एकही चुकली नाही बघ."

तिनं पाच तारीख टाकून बघितली. मग कपाळाला हात लावला. ते तिकडचं मशीन आधी महिना वाचतं, मग दिवस. पाच-बारा म्हणजे त्याला बारा मे. अठरावा महिनाच नसतो, म्हणून तिथं झक मारत आपल्यासारखं वाचतं. म्हणजे शांताचा हार त्यानं मे महिन्यात नेऊन ठेवला होता. मे महिन्यात आमच्या रानात पांढरी शेवंती असते का, एवढं तरी कुणाला विचारायचं होतं त्यानं!

प्राजूनं संध्याकाळपर्यंत दुरुस्त केलं. आता महिना अक्षरात जातो, कुणी उलटा वाचूच शकत नाही. ती रडली थोडी. मी तिला रागावले नाही. दोऱ्या मीच सोडल्या होत्या.

सोमवारी हार करून शांताकडे गेले. फोटोवर काहीच नव्हतं, नुसती गंधाची टिकली. ती म्हणाली, "आज कशाला? आज काय त्यांचा दिवस नाय." हार घेतला मात्र. बादलीतल्या पाण्यात ठेवला. चहाचं विचारलं नाही... चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

येताना भटजींकडून पुढच्या वर्षीची तिथी विचारून आले. घरी येऊन दोरी घेतली. एवढ्या गाठी मारायला दोन दिवस लागले, बोटं आता पहिल्यासारखी वळत नाहीत.

रोज सकाळी एक सोडते. गाठी संपेपर्यंत शांता बोलेल की नाही, ठाऊक नाही. आम्ही दोघी असू की नाही, तेही कुठं ठाऊक आहे... प्राजूला खिळा दाखवून ठेवलाय. मी मध्येच गेले, तर उरलेल्या गाठी तिनं सोडायच्या.